पॅकिंग बदलूनही तेल गळतंय? आधी इंजिनाचा श्वास तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 30 वर्षांची, कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी. वर्षभरात टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग 3 वेळा बदललं. दर वेळी महिना-दीड महिना कोरडं राहतं आणि मग कडेने पुन्हा तेल पाझरायला लागतं. आता इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथूनही थेंब पडू लागलेत. गॅरेजमध्ये सांगितलं, "इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्यात, खोलावं लागेल." गाडी ओढते चांगली, मागून निळा धूर नाही, तेल मात्र कमी होतंय. तर इंजिन खोलायचं का?

अजून खोलू नका. आधी अर्धा दिवस ब्रीदरला, म्हणजे इंजिनाच्या आतला दाब सोडणाऱ्या वाटेला द्या.

एकाच जागेचं पॅकिंग 3 वेळा फुटलं आणि पाठोपाठ दुसरी जागाही गळू लागली, की मी पॅकिंगवरचा संशय बाजूला ठेवतो. तीन-तीन पॅकिंगं एकामागोमाग खराब निघत नाहीत. आत दाब साठतोय आणि सगळ्यात कमजोर सांधा शोधून तो बाहेर पडतोय, असं धरून चालतो. हा दाब जायची वाट इंजिन बनवतानाच दिलेली असते. ती बुजली की इंजिन स्वतःची वाट करून घेतं. आज टॅपेट कव्हरमधून, ते घट्ट केलं की क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या शाफ्टच्या) सीलमधून, ते बदललं की डिपस्टिकच्या नळीतून. तुमच्याकडे नेमका हाच क्रम दिसतोय.

हा दाब येतो कुठून? पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्या तोंडाशी बारीक फट ठेवलेलीच असते, कारण तापल्यावर रिंग वाढते. त्या फटीतून आणि कडेने जळालेला वायू थोडा थोडा खाली क्रँक केसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पोकळीत, उतरत राहतो. हा वायू जास्त उतरू लागला की गॅरेजमध्ये त्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. नव्या इंजिनातही उतरतो, जुन्यात जास्त. त्यात न जळालेल्या पेट्रोलची वाफ असते, आम्लं असतात आणि पाण्याची वाफ भरपूर असते. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन निघून जातं, पण थोडं रिंगांच्या बाजूने खाली येतं. ते बाहेर काढलं नाही तर तेलात मिसळून राहतं. त्याचाच पुढे काळा चिखल होतो आणि गंज चढतो. म्हणजे ब्रीदरचं काम दुहेरी आहे. दाब सोडायचा आणि ही घाणेरडी वाफ सतत धुऊन काढायची.

फार जुन्या गाड्यांत यासाठी नुसती एक नळी असायची. क्रँक केसमधून निघून गाडीच्या पोटाखाली उतरायची आणि तिचं तोंड तिरकं कापलेलं असायचं. गाडी पळाली की खालून जाणारा वारा त्या तोंडाशी ओढ तयार करायचा. गाडी उभी असली की ओढ शून्य. शिवाय ती वाफ सरळ हवेत. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बंद पद्धतीचा ब्रीदर आला आणि पुढच्या काही वर्षांत तो सगळीकडे रुळला. त्यात क्रँक केसमधली वाफ पुन्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत) ओढून सिलिंडरमध्ये जाळली जाते. तुमच्या गाडीत हीच पद्धत असणार.

या पद्धतीत दोन वाटा असतात, आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. एक वाट एअर फिल्टरच्या डब्यातून टॅपेट कव्हरकडे येते. तिच्यातून स्वच्छ हवा आत शिरते. दुसरी वाट क्रँक केसमधून किंवा टॅपेट कव्हरच्या दुसऱ्या टोकातून मॅनिफोल्डकडे जाते. तिच्यावर पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, म्हणजे क्रँक केसमधली वाफ किती जाईल ते ठरवणारा व्हॉल्व्ह. त्यात एक छोटा खटका आणि स्प्रिंग, एवढंच. स्लोवर (रेस न देता इंजिन चालू असताना) मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जोरात असतो, तेव्हा खटका ओढला जाऊन वाट अरुंद होते, नाहीतर स्लोच बिघडला असता. मध्यम वेगात व्हॅक्यूम उतरतो, स्प्रिंग खटक्याला मागे सरकवते, वाट मोठी होते आणि जास्त वाफ ओढली जाते. मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका उडाला तर हाच खटका उलट बाजूने बसून आग खाली जाऊ देत नाही. पूर्ण रेस दिल्यावर मात्र मॅनिफोल्डमध्ये ओढ उरतच नाही. तेव्हा वाफ पहिल्या वाटेने उलटी फिरून एअर फिल्टरमध्ये जाते. म्हणून जुन्या गाडीचा फिल्टर एका बाजूला किंचित तेलकट असला तर घाबरायचं कारण नाही. डब्यात तेलाचं तळं साचलं असेल तर मात्र दुसरी वाट बंद आहे असं समजा.

सगळ्या गाड्यांत हा खटक्याचा व्हॉल्व्ह नसतो. 1960 च्या दशकातल्या काही मॉरिस आणि एमजी गाड्यांत मॅनिफोल्डवर बशीसारखा व्हॉल्व्ह असतो, आत रबरी डायफ्राम (पडदा). फोक्सवॅगन बीटलला तर व्हॉल्व्हच नाही, तेल ओतायच्या नळकांड्यातून एक पाईप सरळ एअर क्लीनरला जातो. काही गाड्यांत तेलाचं झाकणच ताज्या हवेचा फिल्टर असतं, आतमध्ये जाळी भरलेली. अशा गाडीला कोणी दुसऱ्या गाडीचं बिनभोकाचं झाकण लावलं की ताज्या हवेची वाट कायमची बंद. तुमच्या गाडीला मूळचं झाकण आहे का, हे आधी बघा. 30 वर्षांत ते एकदा तरी हरवलेलं असू शकतं.

आता दाबाचा हिशोब. क्रँक केसमध्ये 10 सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब साठला, म्हणजे साधारण 1 किलोपास्कल. टायरमधल्या हवेच्या तुलनेत हा आकडा काहीच नाही. पण टॅपेट कव्हर 40 सेंटीमीटर लांब आणि 15 रुंद धरलं, तर या दाबाने कव्हरला आतून सुमारे 6 किलो वजनाइतका जोर लागतो. तोही गरम तेल उडत असताना, तासन्‌तास. पत्र्याचं पातळ कव्हर, चार-सहा बोल्ट आणि बुचाचं (कॉर्कचं) पॅकिंग हे किती दिवस सोसणार? क्रँकच्या मागच्या सीलचं दुखणं याहून वाईट. काही जुन्या इंजिनांत तिथे रबरी सील नसतंच. शाफ्टवर उलट्या आट्यांची खाच असते, ती फिरता फिरता तेल आत परत ढकलते. शाफ्ट आणि घराच्या मध्ये मोकळी फट असते, कशाचाही स्पर्श नाही. आत जरासा दाब आला की तेल त्या फटीतून सरळ बाहेर. अशा इंजिनात ब्रीदर हाच सीलचा अर्धा भाग असतो.

हे मला शिकवलं एका मागच्या सीलनेच. मी नवा होतो, गिअरबॉक्स एकट्याने उतरवता येतो याचा अभिमान होता. मागून गळणारी एक गाडी आली. गिअरबॉक्स खाली, क्लच खाली, फ्लायव्हील खाली, नवं सील, सगळं परत वर. दोन दिवसांचं काम. 15 दिवसांत गाडी परत आली, बेल हाऊसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) खालच्या भोकातून तसेच थेंब. मी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायच्या तयारीला लागलो. उस्तादांनी काही न बोलता इंजिन चालू केलं, तेलाचं झाकण काढलं आणि माझा तळहात त्या तोंडावर ठेवला. गरम, ओलसर वारा हाताला धडका देत होता. मग त्यांनी ब्रीदरचा पाईप काढून माझ्या हातात दिला. बाहेरून अंगठ्याएवढा जाड. आत डांबरासारखा काळा थर, आणि मधे जेमतेम काडेपेटीची काडी जाईल एवढं भोक. पाईप बदलला, व्हॉल्व्ह बदलला. सील तेच ठेवलं, दुसऱ्यांदा काही उतरवलं नाही. गळती थांबली. त्या दिवसापासून तेलाची कुठलीही गळती आली की मी पाना हातात घेण्याआधी तेलाचं झाकण काढतो.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. पण त्याआधी सगळ्यात सोपी गोष्ट, डिपस्टिक. तेल खुणेच्या वर भरलेलं असेल तर क्रँक त्याला घुसळून फेस करतो आणि बाकी सगळं ठीक असूनही गळती होते. दर वेळी गळती भरून काढायला अंदाजाने तेल ओतत असाल तर ही शक्यता खरीच आहे. सपाट जागेवर गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर 10 मिनिटांनी बघा.

मग इंजिन चांगलं गरम करा आणि स्लोवर ठेवा. झाकण काढून त्या तोंडावर पातळ कागदाचा तुकडा ठेवा. काही सेकंदांत कागद अलगद ओढला जाऊन चिकटला पाहिजे. तो फडफडत राहिला किंवा उडाला तर दाब आहे. टॅपेटच्या हालचालीने थोडी थरथर येतेच, तिला धरू नका. दुसरी तपासणी पीसीव्ही व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह कव्हरमधून उपटा, पाईप त्याला जोडलेलाच ठेवा आणि खालच्या तोंडावर बोट ठेवा. व्हॅक्यूमची ओढ बोटाला स्पष्ट जाणवली पाहिजे आणि बोट ठेवताच आतला खटका 'टक्‌' करून हलला पाहिजे. ओढ नसेल तर व्हॉल्व्ह, पाईप किंवा मॅनिफोल्डचं तोंड यांपैकी काहीतरी बुजलंय. व्हॉल्व्ह हलवून आवाज आला म्हणजे तो चांगला, असं बरेच जण धरतात. मी धरत नाही. खटका वाजतो पण स्प्रिंग थकलेली असते, असे व्हॉल्व्ह पुष्कळ पाहिलेत. या भागाची किंमत आणि त्याने वाचणारं काम यांची तुलनाच होत नाही, म्हणून शंका आली की बदलायचा. नाहीतरी 40 ते 50 हजार किलोमीटरला तो बदलावाच.

नेमका आकडा हवा असेल तर पारदर्शक नळी घ्या, दोन-अडीच मीटर. ती फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी उभी बांधा, प्रत्येक बाजू मीटरभर उंच, आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं मोकळं. बाकी सगळी झाकणं आणि पाईप जागेवर. इंजिन चालू केल्यावर स्लोला पाणी इंजिनाच्या बाजूला थोडं वर चढलं पाहिजे, म्हणजे आत हलकी ओढ आहे. मोकळ्या बाजूला चढत असेल तर दाब. रेस देऊन पुन्हा बघा. नळीच्या बाजू उंच ठेवायला सांगितलं कारण आखूड नळीतलं पाणी इंजिनात ओढलं जाऊ शकतं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. साफसफाईनंतर पुन्हा मोजायचा आहे.

ओढ फार जास्त असणंही रोगच आहे. डायफ्रामचा व्हॉल्व्ह फाटला की मॅनिफोल्डचा अख्खा व्हॅक्यूम क्रँक केसवर येतो. मग तेलाचं झाकण उचलताना जोर लागतो, स्लो अडखळतो आणि सीलच्या ओठातून हवा आत शिरताना शिट्टीसारखा आवाज येतो. झाकण काढताच तो थांबतो. ही खूण एकदा ऐकली की विसरत नाही.

साफसफाई करताना फक्त व्हॉल्व्ह बदलून थांबू नका. मॅनिफोल्डच्या ज्या तोंडात पाईप बसतो तिथे कार्बन साचून ते भोक हमखास अरुंद झालेलं असतं. योग्य मापाचं ड्रिल बिट हाताने फिरवून ते मोकळं करा, मशीन लावू नका, आणि निघालेली काजळी कापडाने टिपून घ्या. टॅपेट कव्हरच्या आत ब्रीदरच्या तोंडाखाली पत्र्याची आडवी पट्टी असते. उडालेलं तेल तिथे अडावं आणि फक्त वाफ पुढे जावी, यासाठी ती दिलेली असते. तिच्या मागे चिखल बसतो आणि वरून दिसत नाही. कव्हर काढून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, सकाळी ब्रश आणि हवा मारा. काही इंजिनांत ब्लॉकच्या कडेला ब्रीदरचा स्वतंत्र डबा असतो, आत तारेची जाळी. तोही असाच धुवायचा.

एक जाळी मात्र कधीही काढून टाकू नका. पाईपमध्ये किंवा डब्याच्या तोंडाशी बारीक जाळीचा किंवा बारीक भोकांचा तुकडा असतो, आग अडवणारा. तो सारखा बुजतो म्हणून लोक फेकून देतात. कार्ब्युरेटरमधून उलटा भडका आला तर क्रँक केसमधल्या पेट्रोलच्या वाफेपर्यंत ज्योत पोहोचू नये, म्हणून तो आहे. धुवा, फार खराब झाला असेल तर नवा घाला.

पाईप बदलताना तेल सोसणारा घ्या. हीटरचा किंवा रेडिएटरचा उरलेला पाईप कापून लावला जातो. तो पाण्यासाठी असतो, त्याचं रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं आणि व्हॅक्यूमने चपटं होऊन वाट बंद करतं. बाहेरून नवाकोरा दिसतो. आतल्या आत नळी मिटलेली असते आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. व्हॉल्व्हही त्याच इंजिनाचा हवा. दिसायला सारखे असले तरी प्रत्येकाच्या खटक्याची वाट वेगळ्या मापाची असते, आणि स्लोचं मिश्रण त्या मापावर बेतलेलं असतं. सगळं बसवल्यावर स्लो आणि मिश्रण पुन्हा लावून घ्या, कारण इतके दिवस बुजलेल्या वाटेवर ते कोणीतरी जुळवलेलं असणार.

आणि कृपा करून ब्रीदरचा पाईप काढून गाडीखाली सोडून देऊ नका. फिल्टर तेलकट होतो म्हणून हा उपाय सर्रास केला जातो. दाब थोडा कमी होतो, हे खरं. पण वाफ धुऊन काढणारी ओढ जाते, पाणी तेलात राहतं, धूळ आत जाते. मॅनिफोल्डचं तोंड उघडं राहिलं तर मिश्रण पातळ होऊन व्हॉल्व्ह तापतात. आजची गळती थांबते आणि वर्षभरात चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या डब्याच्या) तळाशी चिखल बसतो.

झाकणाखाली पिवळसर, दह्यासारखा फेस दिसला की लोक थेट हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं म्हणतात. रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत आणि ब्रीदर बुजलेल्या गाडीत हा फेस आपोआप येतो, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि वाफ तिथेच थंड होते. तो पुसा, ब्रीदर मोकळा करा, गाडी एकदा तासभर सलग चालवा. फेस परत आला नाही आणि रेडिएटरचं पाणी उतरत नसेल तर हेडला हात लावायचं कारण नाही. हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर खुणा वेगळ्या असतात. थंड इंजिन चालू केल्यावर लगेच वरचा होज दगडासारखा कडक होतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात, कूलंट घातलेलं असेल तर मागून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो.

रिंगांचा प्रश्न उरतोच, कारण तुम्हाला तेच कारण सांगितलंय. ब्रीदर मोकळा करून पाण्याची नळी पुन्हा लावा. दाब गेला असेल तर विषय संपला. अजूनही दाब येत असेल तर कॉम्प्रेशन मोजा, आधी कोरडं, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून. तेल घातल्यावर आकडा ठळकपणे वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हकडे. सिलिंडरमध्ये हवा सोडून गळती मोजायचं यंत्र जवळच्या गॅरेजात असेल तर उत्तमच. पिस्टन वरच्या टोकाला आणून हवा सोडायची आणि कान लावायचा. तेलाच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इंजिन न खोलता खरं काय ते कळतं. हे आकडे हातात असल्याशिवाय कोणालाही इंजिन खोलायला होकार देऊ नका.

आता पॅकिंगकडे. ब्रीदर मोकळा झाला तरी तेल प्यायलेलं पॅकिंग आपोआप सुधारणार नाही, ते शेवटचं एकदा नीट बसवावं लागेल. त्याआधी गळती नक्की कुठून हे पक्कं करा. इंजिन धुऊन कोरडं करा, संशय असलेल्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरा, 20-30 किलोमीटर चालवा. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा खरी. मागच्या क्रँक सीलचा म्हणून ठरवलेला थेंब टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ब्लॉकच्या पाठीवरून उतरलेला असतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. तुमच्या गाडीतही ती शक्यता मोठी आहे.

कव्हर काढलंत की नव्या पॅकिंगआधी कव्हर बघा. पत्र्याचं असेल तर बोल्टांच्या भोकांभोवतीचा पत्रा खाली दबलेला असणार. प्रत्येक वेळी गळलं की कोणीतरी बोल्ट आणखी कसलेला असतो. त्यामुळे बोल्टापाशी पॅकिंग चिरडतं आणि दोन बोल्टांच्या मधे कड वर उचलली जाते. मग नवं पॅकिंग पहिल्या दिवसापासूनच मधे सैल. कव्हरची कड सपाट लाकडी ठोकळ्यावर ठेवून दबलेली जागा हातोडीने हलके हलके ठोकून सरळ करा. मग जाड काचेवर ठेवून चारही बाजूंनी उजेड दिसतो का बघा. या कामाला घाई चालत नाही. मी यावर अर्धा तास सहज घालवतो आणि नंतर ते कव्हर वर्षानुवर्षं कोरडं राहतं.

हेडची कड साफ करताना ॲल्युमिनियमवर ग्राइंडरची खरखरीत चकती चालवू नका. एकतर खळगे पडतात, शिवाय तिची धूळ तेलातून बेअरिंगपर्यंत जाते. प्लास्टिकचा किंवा बोथट स्क्रेपर, धीर आणि शेवटी ब्रेक क्लीनरने पुसणं. फार जुन्या इंजिनातलं मूळचं हेड किंवा मॅनिफोल्डचं पॅकिंग निघालं तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडायचं नाही, तारेचा ब्रश नाही, हवा मारायची नाही. पाण्याने भिजवून, ओलं असतानाच काढायचं आणि पिशवीत बांधून टाकायचं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. मास्क लावा.

हेडमधून तेल खाली परतायची भोकं याच वेळी बघा. ती बुजली असतील तर वर तेल साचतं, कव्हरच्या कडेला उभं राहतं आणि ब्रीदरमधूनही ओढलं जातं. गाळ खाली ढकलू नका, चिमट्याने वर काढा. चिखल खूप असेल तर एकदम फ्लश ओतायच्या मोहात पडू नका, सुटलेला गाळ ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा पुढची दोन-तीन तेलं लवकर बदला.

बुचाचं पॅकिंग दुकानात वर्षानुवर्षं पडून सुकतं, आक्रसतं आणि भोकं जुळत नाहीत. ओढून बसवलं तर तडकतं. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, ते पुन्हा फुलतं आणि लवचीक होतं, मग पुसून बसवा. कव्हरच्या बाजूला पॅकिंगच्या गमचा पातळ हात, तोही फक्त जागेवर धरून ठेवायला. हेडच्या बाजूला काही नाही किंवा ग्रीसचं बोट. साच्यातलं रबरी पॅकिंग असेल तर ते कोरडंच. त्याच्यावर सिलिकॉन फासलं की रबर निसटून बाहेर येतं. सिलिकॉनची जागा ठरलेली असते: जिथे दोन भागांच्या सांध्यावरून पॅकिंग जातं ते कोपरे, अर्धचंद्राची रबरं. तिथेही 2-3 मिलिमीटरची रेघ पुरे. बाहेर जेवढं पिळून दिसतं तेवढंच आतही पिळलेलं असतं, आणि आतलं तुटून पंपाच्या जाळीत अडकतं.

कसायचं किती? कव्हरचे बोल्ट सहसा 6 मिलिमीटरचे असतात आणि बुचाच्या पॅकिंगला 5 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. तुमच्या गाडीचं पुस्तक जे सांगेल ते अंतिम. 5 न्यूटन-मीटर म्हणजे 10 सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला 5 किलोचा जोर, दोन बोटांचं काम. मधून सुरू करून आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत. गरम होऊन थंड झाल्यावर एकदा हात फिरवा, बूच बसलेलं असतं. त्यानंतर सोडून द्या. बोल्टाखालचे रुंद वॉशर हरवले असतील तर आणा, पत्रा पुन्हा दबू नये म्हणून ते दिलेले असतात.

चेंबरच्या प्लगला तांब्याचं वॉशर असेल तर ते दर वेळी कसताना कडक होत जातं. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ. तरी नवं मिळत असेल तर नवंच घ्या.

या सगळ्यानंतर 500 किलोमीटर चालवा आणि मग मागच्या थेंबाकडे बघा. तो थांबला असेल तर गिअरबॉक्स उतरवायचा विषय बंद. कमी झाला पण थांबला नाही, तर सीलचं रबर कडक झालेलं असेल. ते क्लच बदलायच्या वेळी बदला, तोपर्यंत डिपस्टिक आठवड्याला बघत राहा. आणि मोजमापांनी पुढे कधी हेड उतरवायची वेळ आणलीच, तर ब्लॉकमधली बोल्टांची भोकं तळापर्यंत कोरडी करा. आत साचलेलं तेल किंवा पाणी बोल्ट कसताना दबून ब्लॉकला तडा देऊ शकतं. जुन्या पद्धतीच्या हेड गॅस्केटला बहुतेक पुस्तकं पहिल्या काही शे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा क्रमाने कसायला सांगतात. त्यानंतर टॅपेटची फटही पुन्हा लावावी लागते, कारण हेड किंचित खाली बसलेलं असतं. म्हणजे कव्हर परत काढायचंच. म्हणून म्हटलं, हेडच्या बाजूला काही चिकटवू नका.